चुलतीचा तांब्या

पोटात दुखलं की ‘वाटी सरकली’ म्हणायचं आणि माझ्या चुलतीला बोलवायचं, ही आमच्या शिराळ्याकडची रीत. मी त्यावर कायम नाक मुरडत आले. बेंबीवर कणकेचा पेटता दिवा ठेवायचा, त्यावर तांब्या पालथा घालायचा. दिवा विझतो आणि तांब्या पोटाला असा चिकटतो की ओढूनच काढावा लागतो. म्हणे वाटी जागेवर बसते. डोंबल बसते!

धाकटी बहीण कराडला इंजिनिअरिंगला. नागपंचमीच्या आधी चार-पाच दिवस घरी आली ती ढगळ टीशर्ट घालून आणि सगळे वार धरून. सोमवार झाला की मंगळवार, मग गुरुवार, वर पंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी धरतात तो उपवास. आमच्या घरात उपवास म्हटला की जेवणाचा आग्रह कुणी करत नाही, उलट कौतुकच होतं. आई तर शेजारणींना सांगत सुटली, “पोरगी लय देवाची निघाली.” साबुदाण्यालाही ती हात लावत नव्हती, तर आम्हाला तीही भक्तीच वाटली.

पंचमीला मात्र वडिलांनी फौजेतला आवाज काढला आणि समोर बसून तिला पुरणाची दोन दिंडं खायला लावली. थोड्याच वेळात ती पोट धरून आतल्या खोलीत आडवी. चुलती तांब्या घेऊन हजर झालीच.

आम्ही बायकाच होतो खोलीत. आईनं टीशर्ट वर केला आणि मी हबकले. बरगड्या नुसत्या वर आलेल्या, पोट पार पाठीला लागलेलं. ही माझी बहीण? गेल्या दिवाळीला माझा ब्लाऊज हिला घट्ट होत होता!

चुलतीनं दिवा ठेवला, तांब्या घातला. तो धरेना. हाडांवर टेकायचा, खाली फट राहायची आणि आत दिवा जळतच राहायचा. तिनं पुन्हा घातला. पुन्हा तेच. शेवटी तिनं फुंकर मारून दिवा विझवला आणि आईकडं बघितलं.

“आवं अक्का, हिला पोटच न्हाई राह्यलं. तांब्या लावू कुटं?”

आईनं तिचा टीशर्ट खाली ओढला. “जेवत नाहीस तू? किती दिवस?” मी ओरडलेच. पण तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. कळांनी वाकडं झालेलं तिचं तोंड एकदम खुललं होतं. कोपरावर उठत तिनं चुलतीला विचारलं, “खरंच काकी? पोट दिसत न्हाई माझं?”