ह्यो माझा मानूस

माणसाचं दिवाळं कशानं निघतं, यात आमची सगळी गल्ली तज्ज्ञ आहे. दारू, सट्टा, आजारपण, पोरीच्या लग्नाचा थाट. आमचं निघायची वेळ आली ती नवऱ्याच्या तोंडच्या एका वाक्यानं. तेही त्या यादीत घाला म्हणावं.

आम्ही विट्याकडचे. आमच्या भागातली माणसं सोनं आटवून शुद्ध करायच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. आमचं दुकान मात्र जवळच, कराडात. "काय म्हनतंय परदेश?" म्हणून नणंद चिडवायची. या धंद्यात गावाकडून कुणी नवा आला, की जुन्यानं त्याला सराफांच्या पेढ्यांवर फिरवायचं आणि म्हणायचं, "ह्यो माझा मानूस हाय." एवढ्यावर सराफ त्याच्या हातात सोनं ठेवतात.

यांनी आपल्या मावसभावाला असंच फिरवलं. दोन वर्षं त्यानं चोख काम केलं. मग मोबाईलवरच्या सट्ट्यात बुडाला आणि चार पेढ्यांचं सोनं घेऊन पळाला. बायकोलाही न सांगता.

दुपारी चारही सराफ आमच्या दुकानात हजर. आरडाओरडा कुणी केला नाही. त्यांतले म्हातारे सराफ एवढंच म्हणाले, "माणूस तुमचा होता." यांनी मला न विचारता तिथंच चौघांना लिहून दिलं, मी भरून देतो म्हणून. खोटं कशाला बोलू, यांच्या कानाखाली एक वाजवावी असं मला वाटलं.

दुकान विकूनही निम्मं फिटत नव्हतं. साताऱ्याच्या वकिलांनी वाट दाखवली. "यांचा नादारीचा अर्ज करू, म्हणजे देणं अंगावर राहणार नाही. विट्यातलं घर तुमच्या नावावर आहे वहिनी, त्याला कुणी हात लावणार नाही."

ते घर म्हणजे नुकता स्लॅब पडलेलं, माझ्या माहेरच्या पैशातून उभं राहिलेलं. स्वयंपाकघराची खिडकी कुठं हवी, हे मी गवंड्याशी भांडून ठरवलं होतं. परतताना एसटीत हे खाली मान घालून बसले होते. घर वीक, असं यांनी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी मुळीच विकलं नसतं.

"आवं, गिऱ्हाईक बघा घराला," उंब्रजच्या पुढं मीच म्हणाले.

घराच्या पैशात तीन पेढ्यांचं देणं मिटलं. म्हाताऱ्या सराफांचं आम्ही सहा वर्षं मजुरीतून फेडलं. गडी ठेवणं परवडेना, म्हणून मीच भट्टीवर बसायला शिकले. भुवया दोनदा जळाल्या. त्या जळक्या भुवयांनी नणंदेच्या घरच्या लग्नात मी पहिल्या रांगेत बसले. आम्ही हात वर केले नाहीत, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

गेल्या वर्षी त्या पळालेल्याची बायको दारात आली. नवऱ्याचा अजून पत्ता नाही. म्हणाली, "मला बी भट्टी शिकवा." शिकवली. वर्षभरानं तिला घेऊन मी म्हाताऱ्या सराफांच्या पेढीवर गेले. हे सोबत होते, पण नजर चपलांवर. ते वाक्य यांनी तेव्हापासून कुणासाठीच उच्चारलं नव्हतं.

"ही कोण?" सराफांनी विचारलं.

"त्याचीच बायको," मी म्हणाले. "पर आता ही माझी हाय."

सराफांनी सोनं काट्यावर घातलं, वजन सांगितलं आणि पुडी तिच्या हातात दिली.