काचेची पट्टी

नव्वद सालच्या आसपास मी आणि माझा ड्राफ्ट्समन मित्र रविवारी धुळ्यातल्या सहसा कुणी न पाहिलेल्या इमारती बघत हिंडायचो. एकदा शिंपल्यासारख्या वळणदार सिमेंटच्या छताचं एक सभागृह सापडलं. तिथे झाडलोट करणाऱ्या अक्का दारातच म्हणाल्या, "मझार नका जाऊ भाऊ, छत बोलस."

आत न जाण्याचा तो इशारा हसण्यावारी नेऊन आम्ही आत गेलो. भिंतीतल्या भेगेवर कुणीतरी काचेची आडवी पट्टी चिकटवली होती.

"भेग वाढली की काच फुटते," मित्र म्हणाला. काच शाबूत होती, म्हणून तो निवांत स्केच काढू लागला. तेवढ्यात टक्कन आवाज झाला आणि काच मधोमध तडकली.

वही तिथेच टाकून आम्ही बाहेर धावलो. अक्कांनी कुलूप लावलं. थोड्या वेळाने तिथे सभेसाठी महिला मंडळाच्या बायका आल्या. आत जाऊ नका, एवढंच आम्ही त्यांना सांगितलं. ऊन कडक होतं, म्हणून त्या पायऱ्यांवर, त्याच छताच्या सावलीत बसल्या.

"तिथून उठा आधी!" मित्र ओरडला. कुणी उठेना. शेवटी अक्कांनी एकेकीला दंडाला धरून रस्त्यापलीकडे नेलं.

छत त्या दिवशी पडलं नाही. पण ते दार पुन्हा उघडलेलं मी पाहिलं नाही.