चार कूलर आणि दोनशे मीटर केबल

लेक्चर हॉलमधल्या मॉनिटरवर कात्र्या-चिमट्यांचा ट्रे दिसत होता आणि त्या ट्रेवरून एक जाड काळा पट्टा सावकाश वर सरकत होता. वर गेला की खालून परत हजर. मॉनिटर म्हणजे चॅनेलचं बटण नसलेला टीव्ही. त्याच्यासमोर मी उभी. माझ्या मागे आमचे बोकडे साहेब. त्यांच्या मागे सर्जरीचे हेड, डॉ. खानझोडे.

"सोमवारी मी ऑपरेशन करतोय आणि फायनलची पोरं हे बघणार?" डॉक्टर म्हणाले. तो गुरुवार होता.

थोडं मागचं सांगते. या मेडिकल कॉलेजात ऑपरेशन बघायला एका वेळी सहा विद्यार्थी आत सोडत. त्या सहांनाही डॉक्टरांची पाठच दिसे. म्हणून ऑपरेशन थिएटरमध्ये टेबलाच्या वर कॅमेरा लावायचा आणि दोनशे मीटरवरच्या दुसऱ्या इमारतीत, लेक्चर हॉलमध्ये, सगळ्या वर्गाला चित्र दाखवायचं, हे काम आमच्या छोट्या फर्मला मिळालं. डॉक्टरांनी कुठून तरी फायबर ऑप्टिकचं ब्रोशर आणलं होतं. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काचेची तार. चित्राचा उजेड करून तो त्या तारेतून पाठवायचा. तेव्हा ही वस्तू बाहेरदेशची, इम्पोर्ट लायसन्स लागणार, महिनोन्‌महिने वाट बघायची.

मी तेव्हा नोकरीत नवी. भर मीटिंगमध्ये बोलून गेले, "सर, काच कशाला? कोअ‍ॅक्स चालते." कोअ‍ॅक्स म्हणजे छतावरच्या अँटेनापासून टीव्हीपर्यंत येते तीच जात. मध्ये तांब्याची तार, भोवती तांब्याची जाळी. लांब अंतरावर चित्र जरा मऊ पडतं, म्हणून एक अ‍ॅम्प्लिफायर लावायचा. मी हिशेब केला, केबल टाकली, जानेवारीत ट्रायल घेतली. टाक्याचा दोरासुद्धा दिसेल असं चित्र. रिपोर्टमध्ये मी स्वतः टाइप केलं: सर्व परिस्थितीत चित्र उत्तम.

आणि आता मे महिन्यात हा पट्टा.

"रविवारपर्यंत बघा. नाही जमलं तर उचलून न्या. मी काचेच्या तारेची वाट बघीन. या बॅचचं मात्र राहिलं," असं म्हणून डॉक्टर गेले.

बोकडे साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीटिंगमधी लय बोलत होती तू."

दोन्ही टोकांचे कनेक्टर बदलले. पट्टा. दुसरा मॉनिटर आणला. पट्टा. उन्हात ओढणी डोक्यावर घेऊन अख्खी केबल चालत तपासली. कुठे चीर नाही, उंदराचा दात नाही. शनिवारी सकाळी हॉलमध्ये परत आले तेव्हा मनातल्या मनात मी कॅमेरा खोक्यात भरून टाकला होता.

घाम पुसत खिडकीच्या लोखंडी गजाला हात टेकणार, तर मागून आवाज आला.

"हात नको लावू वं पोरी तिथी. झिणझिण्या येतात."

कॉलेजचे कूलर बघणारे गणवीर काका. खांद्यावर पाण्याचा पाइप. त्या गजाला खेटूनच कूलर बसवला होता.

"करंट येते काका? कोणत्या कूलरचा?"

"चारही मारतात थोडे थोडे. पंप जुने हायेत, पाण्यात बसून राह्यतात."

"मंग दुरुस्त काहून नाही केले?"

"मे महिन्यात कूलर बंद केला त पोट्टे मलेच टाकीत बुडवतीन."

मी हसले आणि मग हसता हसता थांबले. जानेवारीत हॉलमध्ये कूलर नव्हतेच. ते होळीनंतर बसले.

"काका, एकेक बंद करा. मी इकडं बघते."

पहिला बंद झाला, पट्टा फिका झाला. दुसरा, तिसरा. चौथा थांबला आणि ट्रेमधली कात्री न् कात्री स्वच्छ.

झालं होतं असं. पंपातून गळणारी वीज हॉलच्या अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे. पण उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत, जमीन वीज घेईना. मग तिला दुसरा रस्ता सापडला, माझ्या केबलची तांब्याची जाळी. हॉलपासून थेट थिएटरच्या अर्थिंगपर्यंत. जाता जाता ती चित्रावर काळं फासून जात होती.

"खड्ड्याले पाणी कोण टाकते?" मी विचारलं.

काकांनी पाइप खाली ठेवला. "कूलरले मी टाकतो. खड्ड्याचं कोणी सांगतलंच नाही."

बोकडे साहेबांना फोन केला. ते स्वतः स्कूटरवर चार नवे पंप घेऊन आले. रविवारी काकांनी खड्डा उकरला, ओल टिकावी म्हणून कोळसा आणि मीठ भरलं, बादल्यांवर बादल्या ओतल्या. कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनने अर्थिंगची गंजलेली पट्टी बदलली. मग काकांनी चारही कूलर चालू केले, टेस्टर लावून बघितला आणि मला म्हणाले, "आता लाव हात."

"तुम्ही लावा आधी."

"मले सवय हाये. माह्या हातानं तुले काय समजणार?"

गजाला लावला. नुसतं थंडगार लोखंड.

सोमवारी हॉल गच्च भरला. कूलर घरघरत होते आणि पडद्यावर डॉक्टरांचे हात सुरुवातीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत दिसले. मागच्या बाकावरच्यांनासुद्धा. नंतर डॉक्टर आले, फाइलवर सही केली आणि म्हणाले, "म्हणजे काचेची तार लागलीच नाही."

"सर, खरं म्हणजे तीच बरोबर होती," मी म्हटलं. "दोन वेगळ्या इमारती असल्या की तीच घ्यावी. तिच्यात तांबं नसते, म्हणून कूलरची वीज तिच्यातून जात नाही. मी अंतर मोजलं, अर्थिंग नाही मोजलं."

बोकडे साहेबांनी बुटानं माझी चप्पल दाबली. डॉक्टर मात्र म्हणाले, "हे लिहून द्या. पुढच्या वर्षी नवी इमारत होतेय."

लिहून दिलं. मग जानेवारीचा रिपोर्ट मागून घेतला, 'सर्व परिस्थितीत' हे शब्द खोडले आणि वर पेनाने लिहिलं: चार कूलर चालू असताना, खड्ड्यात पाणी असल्यास.

तेव्हापासून आमच्या फर्मची ट्रायल मेमध्ये होते. साहेब कुरकुरतात, ऊन लागतं म्हणून.