पाण्याला उठलेली माय

सौंसरच्या स्टेशनवर मला सोडायला अख्खी टोळी आली होती. टोळी म्हणजे संत्री तोडणाऱ्यांची. माझे आईबाप दोघंही त्याच टोळीत होते. एका पोरासाठी एवढी माणसं पाहून छोट्या लाईनीच्या गाडीच्या गार्डने विचारलं, वरात आहे का. शामराव मुकादम म्हणाले, तसंच समजा. माझी पेटी त्यांनीच उचलली होती आणि ती माझ्या हातात द्यायला काही तयार नव्हते. बाबा खिडकीला धरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "कोणाले इचारल्याबिगर हो म्हणू नोको." माय सगळ्यांच्या मागे उभी होती. गाडी निघाली ती इतकी हळू, की मनात आणलं असतं तर टोळी पुढच्या लोधीखेडा स्टेशनापर्यंत बाजूने चालत आली असती. मला तसं व्हावं असं फार वाटलं.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी आयटीआय करून बसलो होतो आणि पुण्याजवळच्या एका कारखान्यात टेम्पररी फिटरची जागा मिळाली होती. जायचं की नाही ते मी ठरवलं नव्हतं. आमच्या अंगणात टोळी बसली आणि तिने ठरवलं. आज हे सांगितलं की लोक हसतात. मला तेव्हा त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण आमच्याकडे कुठलीच गोष्ट एकट्याने ठरत नसे. सदरा शिवायचा असला तरी चार जण कापड चोळून पाहायचे.

टोळीत नाही म्हणायची एक रीत होती. तुम्ही जे गावाकडे राहिलात त्यांच्यातल्या जुन्या लोकांना ती माहीत आहे, पण माझ्यासारखे जे लांब गेले त्यांच्या पोरांना माहीत असायचं कारण नाही, म्हणून लिहितो. बागेचा ठेकेदार बोलणी करायला यायचा, तेव्हा सगळे बांधावर बसत. मुकादम बोलायचे, बाकीचे ऐकायचे. ठेकेदाराच्या तोंडावर नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पुढच्या बहाराला पुन्हा त्याच्याच दारी जायचं असे. मग ज्याला सौदा पटला नाही तो गुपचूप उठायचा, मडक्याजवळ जायचा आणि पाणी प्यायचा. कोणी पाण्याला उठलं की मुकादम बोलणं तिथेच थांबवायचे आणि ठेकेदाराला सांगायचे, उद्या कळवतो. का उठलास असं कोणी विचारत नसे. ज्याला खरंच तहान लागायची तो बिचारा बोलणी संपेपर्यंत कोरड्या घशाने बसून राहायचा.

माय एकदा अशी उठली होती. मोहगावकडची मोठी बाग होती, काम चांगलं महिनाभर पुरलं असतं. ती उठली, पाणी प्यायली, आणि सौदा मोडला. त्या बागेत आमच्या लोकांच्या ओंजळीत वरून पाणी ओतत, हे तिला कुठून तरी कळलं होतं. त्यासाठी तिला एक शब्दही बोलावा लागला नाही. मला माझ्या मायचा त्या दिवशी वाटला तेवढा अभिमान पुढे क्वचितच वाटला असेल.

पुण्यात मराठीच बोलतात, तेव्हा परकं वाटणार नाही, अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी मी "काम करून राहिलो" म्हणालो आणि शॉपमध्ये हशा पिकला. ते एक वेळ चाललं असतं. अवघड जायचं ते दुसरंच. तिथे प्रत्येकाला मत होतं. कॅन्टीनच्या भाजीपासून मशीनच्या तेलापर्यंत प्रत्येक जण छाती पुढे काढून म्हणायचा, माझं स्पष्ट मत आहे. आणि भांडण झालं तरी दहा मिनिटांनी दोघं एकाच टेबलावर चहा प्यायचे. मला कोणी विचारलं की मी म्हणायचो, विचारून सांगतो. फोरमन एकदा म्हणाला, अरे पण कोणाला विचारणार? त्याचं बरोबर होतं. खोलीवर तिघं पार्टनर होते, पण तिघांच्या शिफ्ट वेगळ्या, भांडी वेगळी, कुलपाच्या किल्ल्याही वेगळ्या. कित्येकदा मी रविवारी स्टँडवर जाऊन नागपूरच्या गाडीतून उतरणारी माणसं नुसती पाहत बसायचो. कोणी "काय बे" म्हणून हाक मारली की जीव हलका व्हायचा, ती हाक मला नसली तरी.

मग एके दिवशी आमच्या साहेबांनी सेक्शनची मीटिंग बोलावली. कंपनी होसूरला नवा प्लांट काढत होती. होसूर म्हणजे पार तामिळनाडूत, आणि इथून माणसं पाठवायची होती. साहेबांनी माझं नाव घेतलं. तिथे गेल्या गेल्या परमनंट होणार होतो. इथली टेम्पररी जागा मात्र दिवाळीनंतर बंद होणार होती. म्हणजे होसूर नाहीतर सौंसर. साहेबांनी सगळ्यांकडे बघून विचारलं, कोणाची हरकत आहे का?

पुणंच इतकं लांब वाटत होतं, तर होसूरला माझं कोण होतं? मी उठलो. कोपऱ्यात पाण्याचा पिंप होता, तिथे गेलो आणि सगळ्यांना दिसेल असा, सावकाश, ग्लासभर पाणी प्यायलो. ग्लास पालथा ठेवला. परत येऊन बसलो तेव्हा मला अगदी मोकळं वाटत होतं. साहेब म्हणाले, ठीक आहे, सगळ्यांचं एकमत आहे. टाळ्या वाजल्या. शेजारच्याने माझ्या पाठीवर थाप मारून अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी धीर करून साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, साहेब, मी तर पाणी प्यायलो होतो. त्यांना काही कळेना. मी टोळीची सगळी रीत सांगितली. साहेब आधी हसले, आणि माझा चेहरा पाहून थांबले. माणूस चांगला होता. ते म्हणाले, "अरे, इथे पाणी पिणाऱ्याला तहान लागली असं समजतात. नाही म्हणायचं असेल तर अजूनही म्हण. घरी जाऊन ये. पण येताना तुझं उत्तर आण, त्यांचं नको."

रजा घेऊन मी निघालो. गाडीत बसल्यावर मला त्या शेजाऱ्याची पाठीवरची थाप राहून राहून आठवत होती. मी सगळ्यांसमोर नाही म्हणालो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, ह्याचा संताप होत होता. वर्ध्याच्या आसपास, काही ध्यानीमनी नसताना, मला आमचं अंगण दिसलं. पुण्याला पाठवायचं ठरलं त्या संध्याकाळचं. बाप्ये खाटेवर आणि खाली बसलेले, बाया दाराशी. शामरावकाका बोलत होते. आणि माय उठली होती. मडक्याजवळ गेली, गडवाभर पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि जागेवर येऊन बसली. बोलणं चालूच राहिलं. शामरावकाकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली, एवढं मला स्पष्ट आठवलं. मी तेव्हा समजलो होतो, उन्हाळा आहे, तहान लागली असेल. बागेत तिचं पाणी पिणं नकार म्हणून धरत. घरच्या अंगणात ते कोणी धरलं नाही. डब्यात समोर बसलेल्या बाईने विचारलं, तब्येत बरी नाही का. मी खिडकीकडे तोंड करून रडत होतो.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी टोळी बसली. शामरावकाका म्हणाले, परमनंट म्हणजे परमनंट, पोरगं मार्गी लागलं. कोणी म्हणालं, इथल्या जामसावळीपलीकडे न गेलेल्या आपल्या लोकांतला एक जण पार मद्रासकडे जाते, मोठी गोष्ट हाय. बाबा मान हलवत होते. मी मायवरची नजर काढली नव्हती. थोड्या वेळाने ती उठली.

"थांबा," मी म्हणालो. "माय उठली."

शामरावकाका अर्ध्या वाक्यात थांबले. बाबांनी विडी विझवली. त्या अंगणात मायसाठी बोलणं थांबलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि बहुतेक तीही. मडक्याजवळ ती बराच वेळ पाठमोरी उभी होती. मी मनात म्हणत होतो, पी माय, एक घोट घे, म्हणजे सुटलो. तिने गडवा भरला, तसाच काठोकाठ घेऊन आली आणि माझ्या हातात दिला.

"मले तहान नाई," ती म्हणाली. "तुले असन तर पी. मागच्या डावानं आम्ही ठरोलं. आता तुयं तू पाहा, बाबू."

जगात मला सगळ्यात जास्त हवं होतं ते तिने मला दिलं नाही. निदान तेव्हा मला तसं वाटलं, आणि तिचा रागही आला. गडवा गार होता. माझा घसा सुकला होता. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं, रीतीप्रमाणे सगळे जमिनीकडे पाहत होते. प्यायलो असतो तर कोणी का म्हणून विचारलं नसतं, सकाळी टोळीबरोबर बागेत गेलो असतो. पण मग परमनंट जागा सोडून मी आयुष्यभर काय करणार होतो, हे त्या अंगणातल्या कोणालाच सांगता आलं नसतं. मी गडवा खाली ठेवला. एक थेंबही कमी झाला नव्हता.

तेव्हापासून होसूरलाच आहे. तामिळ मोडकी येते, कन्नड समजते, हिशेब अजून मराठीत करतो. मी आता मीटिंगमध्ये मत सांगतो. हो म्हणतो, नाही म्हणतो, लोक लिहून घेतात. टेबलावर प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास असतो. माझा तसाच भरलेला परत जातो, घसा कितीही सुकला तरी. इथल्या लोकांना वाटतं, मला थंड पाणी चालत नाही.

तुम्ही तिकडचे मला विचारता, घरी कधी येतो. जे माझ्यासारखे निघून गेले ते विचारतात, घर कुठे बांधलं. मला एवढंच कळतं, की आपण पाण्याला उठलो आणि चालू बोलणं थांबलं, तर ते घर. माझ्या उठण्याचा अर्थ कळणारी माणसं सगळी तिकडे राहिली. संध्याकाळी खोलीवर येऊन मी कुलूप काढतो आणि आधी मडक्यातलं पाणी पितो. थांबायला कोणाचं बोलणं चालू नसतं.