दाराचा चौथा स्क्रू

आमच्या अप्पांना खडखड सहन व्हायची नाही. सोलापुरात यंत्रमागावर जॉबर म्हणून हयात गेलेली, दिवसभर त्या आवाजात माग दुरुस्त करायचे, त्यामुळं घरी भांडं जरी आपटलं तरी कपाळाला आठी. हादऱ्यानं मागाचे स्क्रू सैल पडू नयेत म्हणून ते आट्यांवर सूत गुंडाळून वर लाख लावायचे. आमच्या जुन्या गाडीलाही त्यांनी तेच केलं. गाडी अशी मुकी झाली की आत बसलं की डोळा लागायचा.

अशाच एका पेंगेत, अक्कलकोटहून येताना, आईच्या कानातली मोत्याची कुडी गेली. कान ठणकतो म्हणून तिनं फिरकी सैल केलेली, काच खाली, डोकं खिडकीला टेकलेलं. जागी झाली तोवर कुडी काचेच्या फटीतून दाराच्या पोटात.

"मी काढून देतो," अप्पा म्हणाले. "दुसऱ्या कुणी माझ्या दाराला हात लावायचा न्हाई."

आईनं दुसऱ्या कानातलीही कुडी काढून डब्यात ठेवली आणि भोकं बुजू नयेत म्हणून कडुनिंबाच्या काड्या घातल्या. अप्पा आज काढू, उद्या काढू करत राहिले आणि त्यातच पक्षाघातानं त्यांचा उजवा हात गेला. तरी कुडीचं बोलायचेच. एकदा मी वैतागून म्हणालो, "सोडा अप्पा तो नाद. तुमच्या हातानं आता काय व्हायचंय?" ते भिंतीकडं तोंड करून पडले. गेल्या वर्षी ते गेले. आईच्या कानातल्या काड्या तशाच होत्या.

या उन्हाळ्यात गाडी विकली. माणूस पाच वाजता न्यायला येणार होता आणि आईचं सकाळपासून एकच, "कुडी तेवढी काढून दे."

दुपारी कडुलिंबाखाली गाडीचं दार उघडून बसलो. मागच्या गल्लीतले माग चालू होते. लिंबाची सावली डॅशबोर्डवर हलत होती आणि शेजारच्या सीटवर आई अर्धवट झोपेत. त्या सावलीकडं बघता बघता मलाही वाटायला लागलं, आपण अजून अक्कलकोटच्या रस्त्यालाच आहोत, अप्पा चालवतायत, आणि कुडी अजून तिच्या कानातच आहे.

पण दाराच्या आतल्या पॅडचे स्क्रू हलेनात. माझा स्वभाव तापट. हाताला लागला तो स्क्रू ड्रायव्हर घेतला, जोर लावून पिळला आणि बघता बघता तीन स्क्रूंच्या खाचा गुळगुळीत करून बसलो. मग अप्पांचा उद्धार सुरू केला. एवढी लाख कुणी लावतं का, गाडी होती का तिजोरी?

"तापव की," आई डोळे न उघडता म्हणाली. "लाख हाय ती. ऊन लागलं की सोडती."

सोल्डरिंग गन आणून एकेका स्क्रूचं डोकं तापवलं. घसरू नये म्हणून खाचेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला, वरून दाबून हळूहळू फिरवलं. करकर करत एक सुटला, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाच्या आट्यांत लाल सूत होतं आणि जळक्या लाखेचा वास गाडीभर झाला.

चौथा खालच्या कोपऱ्यात होता. त्याला मी अजून हातही लावला नव्हता, तरी त्याचं डोकं पार झिजलेलं. भोवती पॅडवर ओरखडेच ओरखडे. सुटलेला एक स्क्रू सीटखाली घरंगळला होता, तो चाचपताना हाताला एक छोटा स्क्रू ड्रायव्हर लागला. मुठीला लाल सूत गुंडाळून गुंडाळून ती मक्याच्या कणसाएवढी जाड केलेली. ज्याला बारीक मूठ धरवत नाही, त्यालाच एवढी जाड लागते.

"हे कधीचं?" मी विचारलं.

आई आता पूर्ण जागी झाली होती. "तू कामावर गेलास की मी धरून आनायची त्यास्नी. रोज दुपारी. डाव्या हाताला बी जोर न्हवता, तरी त्यानंच फिरवत बसायचे. कधी त्येंचा डोळा लागायचा, कधी माझा."

"मला सांगायचं नाही का? मी काढून दिली असती."

"तेच नको हुतं त्यास्नी," ती म्हणाली. "तू बोलला हुतास न्हवं."

मला रडू आलं. लपवलं नाही. मग तो स्क्रू तापवला, पक्कडीत धरला आणि ओढून काढला. पॅड सुटलं. तळाशी धुळीत कुडी पडली होती, मोती काळवंडलेले. आईनं ती पदराला पुसली, एका कानातली काडी काढली आणि कुडी घातली. फिरकी घट्ट केली. काडी मात्र टाकली नाही, मुठीतच ठेवली.

पाचला थोडा वेळ होता. मी पॅड परत बसवलं. चौथ्या जागी नवा स्क्रू घेतला, अप्पांच्या मुठीवरचं वीतभर लाल सूत सोडलं आणि आट्यांवर नीट गुंडाळलं. गाडी तासाभरात दुसऱ्याची होणार होती. तरी लाख लावल्याशिवाय मी उठलो नाही.