झाडांना आवतन देणारे काका

झाडाला आदल्या दिवशी आमंत्रण दिल्याशिवाय त्याच्या पानालाही हात न लावणारा माणूस अख्ख्या रायपुरात एकच असेल, आणि तो गुढियारीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सगळा मोहल्ला काका म्हणतो. संध्याकाळी झाडाच्या बुडाशी हळदीच्या अक्षता टाकायच्या, हात जोडून "उद्या येतो, औषधासाठी आमच्या घरी चला" असं सांगायचं आणि सकाळी अंघोळ करून, अनवाणी जाऊन ते उपटायचं, ही त्यांच्या वैद्य आजोबांची शिकवण. एकदा मी चालता चालता अडुळशाचं पान खुडलं, तर भर रस्त्यात गरजले, "काहून रे, बोलावल्याबिना कोणाच्या घरचं माणूस असं उचलून नेतात का?" मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, तरी त्या झुडपाची माफी मागूनच सुटका झाली.

त्यांच्या काढ्यातून कोणी सुटलं नाही. दूधवाला असो की मीटर वाचायला आलेला माणूस, तो घोट गिळेपर्यंत काका दार अडवून उभे. मग गाडी सोडावी तसा हात हलवून म्हणणार, "लाइन किलेअर!" आम्ही पोट धरून हसायचो. त्यांच्या घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. काकूंच्या किडन्या थकत चालल्या होत्या आणि काका त्यांना रोज पुनर्नवेचा काढा देत. ही जमिनीवर पसरणारी वनस्पती ते मुद्दाम उरला औद्योगिक वसाहतीतून आणत, कारखान्यांमागच्या नाल्याच्या काठावरून. "तिकडची पाह्य, कशी जोरात वाढून राहिली! इकडची सारी मरतुकडी." काकू डोळे मिटून तो कडू काढा पीत आणि रिकामी वाटी मुद्दाम त्यांना दाखवत.

डॉक्टर काढ्याला नाक मुरडायचे. त्यांची जिरवायला कागद हवा म्हणून काका एक दिवस पुनर्नवेची जुडी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. अँटिऑक्सिडंट भरपूर निघाले. एवढं ऐकलं आणि काका उठले ते थेट पेढे आणायला. "काका, थांबा, धातूंची तपासणी बाकी आहे," मी ओरडत राहिलो. मोहल्ल्यात पेढे वाटून झाल्यावर दुसरा निकाल आला. त्यात शिसं होतं, कॅडमियम होतं, आणि दोन्ही मर्यादेच्या कितीतरी वर.

मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. काकांना पटेना. "मंग ते अँटिऑक्सिडंट एवढे कसे निघाले?" खोटं बोलावंसं फार वाटलं, पण बोललो नाही. विष अंगात शिरलं की झाड स्वतःला वाचवायला कधी कधी तीच द्रव्यं जास्त तयार करतं, असं मी म्हणालो.

"म्हणजे ते बिचारं सोताचा जीव वाचवून राहिलं होतं," काका म्हणाले, "अन् मी त्याले आवतन देत होतो."

"जाऊ द्या ना हो," पलंगावरून काकू म्हणाल्या, "माह्या किडन्या तं आधीच गेल्या होत्या." डॉक्टरांनीही सांगितलं की काढ्यामुळे किती बिघडलं, हे कोणालाच कळणार नाही. काकांना मात्र ते कळलेलंच होतं. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून 'लाइन किलेअर' ऐकू आलं नाही.

मग काकूंनी पुरानी बस्तीतल्या माहेराहून माती मागवली, अंगणात कुंडी भरून घेतली आणि तिच्यात पुनर्नवा लावायला लावली. "ही माती साफ आहे. आता हिलेच बोलवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. रोप पसरायच्या आत त्या गेल्या.

काका अजून रोज संध्याकाळी कुंडीत अक्षता टाकतात. सकाळी अंघोळ करून अनवाणी येतात, थोडा वेळ उभे राहतात आणि तसेच आत जातात. परवा मला राहवलं नाही. "काका, बोलावता, मग उपटत काहून नाही?"

कुंडीबाहेर लोंबणारी डहाळी त्यांनी हलक्या हाताने आत सारली.

"उपटून देऊ कोणाले, बाबू?"

मग खाली वाकून तिला म्हणाले, "उद्या येतो."