न हलवलेली सळई

खुर्ची असो, शिडी असो की सायकलचं स्टँड, काका आधी दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघत आणि विचारत, "खाली धरलंय का?" तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेलच. रॉटरडॅमच्या ऑफिसात आम्ही कॉफीचं मशीन हलवून त्यांची नक्कल करायचो. ते हसायचे आणि मग खरोखरच मशीन तपासायचे.

काका नात्याने कुणाचेच नव्हते; मूळचे साताऱ्याचे, आमच्या ऑफिसातले सगळ्यात जुने सर्व्हेअर. उत्तर ध्रुवाकडच्या गोठलेल्या जमिनीत मोजणीच्या खुणा रोवणं हे त्यांचं काम. तिथला वरचा थर उन्हाळ्यात वितळतो, हिवाळ्यात गोठताना फुगतो आणि उथळ रोवलेली सळई वर उचलतो. म्हणून ती खालच्या, कधीच न वितळणाऱ्या थरात खोल जावी लागते. "वरची जमीन पाहुणी रे," ते म्हणायचे. "घरची ती खालची."

एका उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. शेवटची सळई उरली होती, ड्रिल दगडाला अडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी विमान होतं. हूफडॉर्पला, आमच्या घरी, लेकीचा पाचवा वाढदिवस होता. काकांची कंबर दुखत होती. "तुम्ही तंबूत जा काका, मी करतो," मी म्हणालो. तासभर झटलो. मग अर्ध्या खोलीवरच सळई पक्की केली, वरचा तुकडा कापून टाकला आणि तक्त्यात पूर्ण खोली लिहिली.

काका सळई हलवून बघायला उठले आणि पुन्हा बसले. "तू केलंयस ना? मग झालं." त्यांनी तक्त्यावर सही केली.

दोन हिवाळ्यांनी सळई बोटभर वर आलेली निघाली. तिच्यावरून केलेली सगळी मोजणी रद्द झाली. मीटिंगमध्ये मी पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिलो. सही काकांची होती, त्यांनीच दोष घेतला. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "खोल गेली होती ना रे?"

"हो काका."

"मग माझंच काहीतरी चुकलं असणार."

त्यांचं ध्रुवाकडे जाणं बंद झालं. ते कित्येक महिने जुन्या वह्या काढून आपली चूक शोधत बसायचे. माझा व्हिसा नोकरीशी बांधलेला होता, म्हणून खरं सांगत नाही, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर मी भ्यालो होतो.

निवृत्त होऊन गावी परतण्याआधी ते आमच्याकडे जेवायला आले. लेकीची खुर्ची त्यांनी हलवून दिली, तिने त्यांच्यासारखंच टेबल हलवलं. मी पुढे केलेल्या खुर्चीवर मात्र ते न तपासताच बसले. मी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

मागच्या थंडीत काका साताऱ्याला वारले. सांगेन सांगेन म्हणत ते राहूनच गेलं.

लेकीला मराठी कळतं, पण ती उत्तर डचमध्येच देते. परवा तिचा दहावा वाढदिवस होता. पताका लावायला ती खुर्चीवर चढणार होती आणि मी खुर्ची धरून उभा होतो. तिने आधी खुर्ची दोन्ही हातांनी हलवली आणि तिला येणारं एकमेव मराठी वाक्य म्हणाली, "खाली धरलंय का?"

मी वाकून खुर्चीचे चारही पाय एकेक करून तपासले आणि मगच हो म्हणालो.